अर्ज भरण्याआधी कॉलेज पाहून या

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत पेढे वाटले जातात आणि चारच दिवसांत घराघरांत प्रश्न उभा राहतो, "पोराला कुठं घालायचं?" उत्तर बहुधा ऐकीव असते. शेजारचा मुलगा ज्या कॉलेजात गेला, तिथेच आपलाही. लग्नाचे स्थळ पाहायला दहा गावे फिरणारे आपण, मुलांचे आयुष्य घडविणारे कॉलेज मात्र न पाहताच ठरवितो.

आता हे महागात पडते. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. अर्जात दहापर्यंत कॉलेजे पसंतीक्रमाने लिहायची असतात. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले, तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला, तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. म्हणून पहिले नाव लिहिण्यापूर्वी ते कॉलेज डोळ्यांनी पाहिलेले असावे.

नाशिकमध्ये कॉलेजांना तोटा नाही. कॉलेज रोडवर १९२४ पासूनचे एच.पी.टी. आर्ट्स व आर.वाय.के. सायन्स कॉलेज आहे, गंगापूर रोडला के.टी.एच.एम. आहे. पण दहावीनंतर अकरावी हीच एक वाट नव्हे. सामनगाव रोडचे शासकीय तंत्रनिकेतन आणि सातपूरची शासकीय आयटीआयही पाहून यावी. तंत्रनिकेतनची पदविका तीन वर्षांची असते आणि त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते.

पाहायला केव्हा जावे? मे महिन्यात गेलात तर रिकाम्या भिंती दिसतील. मूल दहावीत असतानाच, डिसेंबर-जानेवारीत, कामाच्या दिवशी जावे. कंपनीत एक खाडा पडला तरी चालेल.

गेल्यावर इमारतीच्या रंगाला भुलू नये. पहिला प्रश्न, ही तुकडी अनुदानित की विनाअनुदानित? एकाच कॉलेजात दोन्ही असतात आणि फीत फार मोठा फरक पडतो. दुसरा, प्रॅक्टिकल खरोखर होतात का? प्रयोगशाळेला कुलूप असेल, तर समजून घ्यावे. काही ठिकाणी मुलाचे नाव एका कॉलेजात आणि मूल दिवसभर खासगी क्लासमध्ये, अशी सोय असते. तिथे क्लासची वेगळी फी किती, हे आधीच स्पष्ट विचारावे. फाटकाजवळ बारावीची मुले भेटतात, त्यांच्याशी बोलावे. सिटीलिंकची बस घरापासून थेट आहे की दोन बदलाव्या लागतात, हेही पाहावे. मुलीच्या बाबतीत संध्याकाळची शेवटची बस किती वाजता, हे आवर्जून विचारावे.

शिष्यवृत्तीच्या खिडकीवर गेल्याशिवाय परत येऊ नये. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल, तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्याहून जास्त असेल, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी फी माफीची वेगळी योजना आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर भरतात. व्यावसायिक अभ्यासक्रमात व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला, तर मात्र हा लाभ मिळत नाही. गोड बोलून कोणी तशी जागा देऊ केली, तर सावध राहावे. पुढे इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला राखीव जागा हवी असेल, तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करावा.

येवला, मनमाड, निफाडकडच्या पालकांनी समाजकल्याणच्या वसतिगृहाचीही चौकशी करावी. तिथे जागा न मिळालेल्या बाहेरगावच्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध मुलांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. खोली आणि जेवणाचा खर्च त्यातून भागू शकतो. योजनेच्या अटी समाजकल्याण कार्यालयातच विचाराव्यात.

शेवटचे, पण महत्त्वाचे. आपल्याला इंग्रजी येत नाही, कपडे साधे आहेत, म्हणून बरेच आईबाप फाटकाबाहेरच थांबतात. थांबू नका. कार्यालयात जा, मराठीत विचारा, उत्तरे वहीत लिहून घ्या. आणि प्रश्न मुलामुलींनाच विचारू द्या. तीन-चार कॉलेजे पाहून झाली की रात्री जेवणानंतर ती वही उघडून सगळ्यांनी बसावे आणि मग पहिल्या पसंतीचे नाव मुलानेच लिहावे. शिकायचे त्याला आहे.