‘वुमन’ हा शब्द ‘मॅन’पासून झाला का?

इंग्रजी शिकताना तुमच्यापैकी पुष्कळांना एक शंका आली असेल. ‘वुमन’ या शब्दात ‘मॅन’ आहे आणि ‘फीमेल’ या शब्दात ‘मेल’ आहे. मग मूळ शब्द पुरुषाचा आणि त्याला पुढे काहीतरी जोडून स्त्रीचा शब्द बनवला, असे तर नाही ना? कित्येक वर्गांत तसे ठामपणे सांगितलेही जाते.

तर्क करण्यात गैर काहीच नाही. परंतु भौतिकशास्त्रात आपण तर्क प्रयोगाने पडताळून पाहतो, तसा शब्दांबाबतचा तर्क जुन्या हस्तलिखितांवरून पडताळावा लागतो.

सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘मॅन’ म्हणजे नुसता ‘माणूस’. मग तो पुरुष असो वा स्त्री. पुरुषाला ‘वेर’ आणि स्त्रीला ‘वीफ’ म्हणत. ‘वीफ’ आणि ‘मॅन’ मिळून ‘वीफमॅन’, म्हणजे ‘स्त्री-माणूस’, असा शब्द झाला. तसाच पुरुषासाठी ‘वॅपमॅन’ हाही शब्द होता. त्याचा पहिला भाग शस्त्रवाचक, म्हणजे आजच्या ‘वेपन’चा नातलग. थोडक्यात, दोन्ही शब्द एकाच रीतीने बनलेले!

पुढे ‘वीफमॅन’मधला ‘फ’ गळाला आणि ‘व’च्या प्रभावाने ‘वि’चा ‘वु’ झाला. अनेकवचनात मात्र जुना ‘वि’ टिकून राहिला. म्हणूनच लिहिताना ‘ओ’ असूनही आपण ‘विमेन’ म्हणतो.

‘वीफ’चे पुढे ‘वाइफ’ झाले आणि त्याचा अर्थ ‘पत्नी’ एवढाच उरला. जुना अर्थ ‘मिडवाइफ’ या शब्दात अजून दिसतो. यातील ‘मिड’ म्हणजे ‘सोबत’. प्रसूतीच्या वेळी स्त्रीच्या सोबत असते ती सुईण.

‘वेर’ हा शब्द मात्र प्रचारातून गेला आणि त्याची जागा ‘मॅन’ने घेतली. लोककथांत लांडगा बनणाऱ्या माणसाला ‘वेअरवुल्फ’ म्हणतात, त्यात त्याचा अवशेष सापडतो. गंमत अशी, की लॅटिनमधील ‘विर’ आणि आपला संस्कृत ‘वीर’ ही त्याचीच भावंडे आहेत. ‘विडो’ आणि ‘विधवा’ यांचेही असेच नाते आहे. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचा उगम एकच असावा, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडले होते.

आता ‘फीमेल’ पाहू. हा शब्द लॅटिन ‘फेमेला’पासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘मेल’ आला लॅटिन ‘मास्कुलुस’पासून. दोघांचा जन्मतः काहीही संबंध नाही. मात्र दोन्ही शब्द जोडीने वापरले जात असल्यामुळे चौदाव्या शतकाच्या सुमारास लोकांनी पहिल्याचे रूप दुसऱ्यासारखे करून टाकले. ‘गर्ल’ची कथा आणखी निराळी. त्याच काळात हा शब्द मुलगा व मुलगी दोघांनाही लागू होता!

देवमाशाच्या नावात ‘मासा’ आहे आणि तो दिसतोही माशासारखा. पण आहे सस्तन प्राणी. शब्दांचेही तसेच आहे. केवळ रूपसाम्यावरून नाते ठरवले, तर चूक तर होतेच, शिवाय निम्म्या वर्गाला आपण कुणाची तरी पुरवणी आहोत असे विनाकारण वाटू लागते.

‘लॉर्ड’ आणि ‘लेडी’ या दोन्ही शब्दांत एकेकाळी पाव दडलेला होता. तो कसा, हे मोठ्या इंग्रजी शब्दकोशात तुम्हीच शोधून पाहा.