पोटाला चिमटा नको, पायांना काम द्या!

भोपाळच्या पोह्यांपासून पुण्याच्या संशोधनापर्यंत, वजन उतरवण्याच्या १३ चटपटीत गोष्टी

भोपाळच्या मराठी घरांत डाएटचा मुहूर्त कायम ठरलेला: येता सोमवार. सोमवारी पोहे बंद, मंगळवारी भात बंद, बुधवारी नुसती काकडी आणि गुरुवारी संध्याकाळी न्यू मार्केटात चाटच्या ठेल्यासमोर तीन दिवसांची वसुली! यात इच्छाशक्तीला बोल लावू नका. उपाशी ठेवलेलं शरीर असंच वागतं, आणि ते कसं वागतं हे संशोधकांनी मोजून-मापून पाहिलं आहे. त्यातल्याच या काही गमतीच्या, पण कामाच्या गोष्टी.

१. अर्धा किलो म्हणजे पुष्कळ!
हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात म्हटलंय, आठवड्याला अर्धा किलो घटलं तर ते सुरक्षित. आणि वजन उतरवायच्या आहारातही दिवसाला १००० किलोकॅलरींच्या खाली जायचं नाही. हजार ही शेवटची पायरी झाली, बहुतेकांना त्याहून बरंच जास्त लागतं. अर्धा किलो ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी जरा गुणाकार करावा: सहा महिन्यांत १३ किलो. पुढेपुढे वेग मंदावतो हे खरं, पण दहा किलो उतरले तरी जुने कपडे शिंप्याकडे न्यावे लागतील.

२. पहिल्या आठवड्याचा आनंद पाणचट
कडक डाएटच्या पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलोंनी खाली येतो आणि घरात पेढे वाटायची वेळ येते. थांबा! शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखर साठवून ठेवतं, आणि त्याच्या दर ग्रॅमामागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं तोडलं की आधी हा साठा संपतो आणि पाणी निघून जातं. दोन दिवस नीट जेवलात की दोघंही परत हजर. चरबी मात्र तोवर जागची फारशी हललेलीच नसते.

३. चरबी जाते नाकातून
मग खरी चरबी जाते कुठे? घामातून? उष्णतेतून? ऑस्ट्रेलियातल्या रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन या दोघांनी २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हिशेबच मांडला. १० किलो चरबी जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. त्यांनी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम प्रशिक्षकांनाही हा प्रश्न विचारला, तर बहुतेकांचं उत्तर चुकलं! म्हणून कुणी घरी बसून जोरजोरात श्वास सोडू नये. चक्कर येईल, वजन जाणार नाही. चालताना श्वास आपोआप वाढतो, तोच कामाचा.

४. ३६ तरुण आणि पाककृतींची पुस्तकं
१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धामुळे उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं जेवू घालायचं, हे त्यांना शोधायचं होतं. तरुण स्वेच्छेनं आले होते. त्यांचं वजन जवळपास पाव भागानं घटलं, पण सोबत चिडचिड, थकवा, उदासी आली. दिवसरात्र डोक्यात जेवण! काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायचे, ताटं चाटूनपुसून साफ करायचे. त्यांना रोज मिळत होत्या सुमारे १५७० किलोकॅलरी. आज मोबाइलवर फिरणारे कितीतरी ‘डाएट चार्ट’ याहून खाली असतात.

५. शरीर खर्चाला कात्री लावतं
पगार निम्म्यावर आला की घर आधी पंखे-दिवे बंद करतं, शरीरही तेच करतं. अमेरिकेत झटपट वजन उतरवण्याचा एक टीव्ही कार्यक्रम गाजला होता. केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या १४ स्पर्धकांना ६ वर्षांनी पुन्हा तपासलं. २०१६ मध्ये छापलेला निष्कर्ष असा: बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं, आणि त्यांचं शरीर विश्रांतीत असताना अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० किलोकॅलरी कमीच खर्च करत होतं. ऑस्ट्रेलियातल्या २०११ च्या एका अभ्यासात दहा आठवडे अगदी तुटपुंज्या आहारावर राहिलेल्यांची भूक वाढवणारी संप्रेरकं वर्षभरानंतरही चढीच होती. तुम्ही डाएट विसरलात तरी शरीर विसरत नाही.

६. एका खगोलशास्त्रज्ञाचं माप
ज्या बीएमआयवरून आपण जाड की बारीक ठरवतो, त्याचं सूत्र कुणा डॉक्टरनं काढलेलं नाही. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी ते एकोणिसाव्या शतकात ‘सरासरी माणूस’ शोधताना मांडलं. त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव १९७२ मध्ये दिलं ते वर आलेल्या अँसेल कीज यांनीच!

७. पुण्याचे ‘वाय’ आणि लंडनचे ‘वाय’
पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये झळकला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! आडनावांच्या आद्याक्षरांवरून याला ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणतात. आपण भारतीय वरून सडपातळ, आतून चरबीदार. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हायचं आणि कंबरेचं माप पुरुषांनी ९०, स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवायचं. वजनकाट्याच्या जोडीला शिवणाच्या डब्यातली टेप काढा. उपाशी राहून स्नायू झडले तर काटा खूश होतो, पण कंबर हलत नाही.

८. पोहे निर्दोष, शेव संशयित
भोपाळात सकाळी कुठल्याही नाक्यावर जा. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर परात, परातीत पिवळ्याधमक पोह्यांचा डोंगर, खालून वाफ. ठेलेवाला डावानं पोहे बशीत टाकतो, वर कांदा, लिंबू, जिरावन मसाल्याची चिमूट आणि शेवटी शेवेची सढळ मूठ. शेजारच्या कढईत जिलेबी. पोहे वाफेवर गरम राहतात, त्यामुळे तेल बेताचंच. शेवेच्या वजनाचा मात्र साधारण तिसरा हिस्सा तेल असतं. तेलाच्या एका ग्रॅमात ९ किलोकॅलरी, म्हणजे छोट्या चमचाभर तेलात ४५. तेव्हा पोहे खुशाल खा, शेव मुठीऐवजी चिमटीनं घ्या, जिलेबी रविवारी. सोबत वाटीभर मोड आलेली मटकी किंवा उकडलेलं अंडं घेतलंत तर उत्तमच, कारण प्रथिनांतल्या उष्मांकांपैकी २० ते ३० टक्के ती पचवण्यातच खर्ची पडतात आणि पोटही जास्त वेळ भरलेलं राहतं.

९. मिठाचा चहा, साखरेचा हिशेब
जुन्या भोपाळात चहात चिमूटभर मीठ घालायची रीत आहे. बाहेरून आलेला माणूस पहिल्या घोटाला दचकतो, दुसऱ्या कपाला स्वतःच मागतो. पण वजनाचा मामला मिठात नाही, साखरेत आहे. कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप धरले तर साधारण ४० ग्रॅम साखर झाली, म्हणजे १६० किलोकॅलरी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवलेली बरी. चहा सोडू नका, चमचा अर्धा करा. पंधरवड्यात जीभ रुळते.

१०. बटाट्याला बदनाम कुणी केलं?
सिडनीच्या सुझॅना होल्ट यांनी १९९५ मध्ये ३८ पदार्थ तपासले: सारख्याच उष्मांकात कोणता पदार्थ पोट जास्त भरवतो? पहिला नंबर उकडलेल्या बटाट्याचा! पावाच्या तिपटीहून जास्त गुण. मग आपल्याकडे त्याचं नाव खराब का? कारण आपण त्याला वेफर्स, टिक्की आणि उपासाच्या तळलेल्या कचोरीत गाठतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे काही उगाच म्हटलेलं नाही. साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट आणि तूप एकत्र आले की उपासाच्या दिवशीच उष्मांकांची दिवाळी होते.

११. दहा हजार पावलं हे जाहिरातीचं पिल्लू
टोकियो ऑलिंपिकनंतरच्या वर्षी, १९६५ मध्ये, जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं. त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती, आणि आकडा जगभर चिकटला. २०१९ मध्ये वयस्क स्त्रियांवर झालेल्या अमेरिकी अभ्यासात रोजच्या ४४०० पावलांपासूनच मृत्यूचा धोका घटलेला दिसला आणि ७५०० च्या आसपास फायदा स्थिरावला. भोपाळकरांची तर चैनच आहे. वन विहारात बोट क्लबच्या बाजूच्या रामू गेटपासून भदभद्याच्या बाजूच्या चीकू गेटपर्यंत सुमारे ५ किलोमीटरचा रस्ता. एका हाताला राजा भोजाच्या काळचा बडा तालाब, दुसऱ्या हाताला चितळ. एवढ्यात साडेसहा-सात हजार पावलं होतात.

१२. भीमबेटकाचा धडा
उज्जैनचे पुरातत्त्वज्ञ वि. श्री. वाकणकर यांना १९५७ मध्ये रेल्वेच्या खिडकीतून भोपाळजवळचे खडक दिसले. ते तिथवर पोचले आणि भीमबेटकाच्या चित्रगुहा जगासमोर आल्या. २००३ मध्ये त्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. त्या भिंतींवर शिकारी धावताना दिसतात. वाटतं, ही माणसं दिवसभर किती उष्मांक जाळत असतील! असंच शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या टांझानियातल्या हाड्झा लोकांचा खर्च हर्मन पाँट्झर यांनी मोजला. २०१२ मध्ये आलेलं उत्तर चक्रावणारं होतं. शरीराच्या आकारमानाच्या हिशेबात हाड्झा आणि खुर्चीत बसणारे शहरी लोक यांचा रोजचा खर्च जवळपास सारखाच! जास्त चाललं की शरीर दुसरीकडे बचत करतं. म्हणजे नुसतं चालून ढीगभर वजन उतरत नाही, खाण्यातही थोडा हात आखडावा लागतो. मग चालायचं कशाला? उतरलेलं टिकवायला. अमेरिकेत १९९४ पासून वजन घटवून टिकवणाऱ्यांची एक नोंदवही ठेवली जाते. त्यातले दहापैकी नऊजण रोज सरासरी तासभर हालचाल करतात.

१३. दीक्षित की दिवेकर?
मराठी घरांत या प्रश्नावर लग्नाच्या पंगतीतही दोन तट पडतात. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवा म्हणतात. ऋजुता दिवेकर घरचं, आपल्या मातीतलं, थोडं थोडं खा म्हणतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमध्ये अशाच एका भांडणाची परीक्षा झाली. ६०९ जणांपैकी निम्म्यांना कमी स्निग्ध, निम्म्यांना कमी पिष्टमय आहार वर्षभर दिला. उष्मांक मोजायला सांगितलंच नाही. फक्त भाज्या भरपूर, साखर-मैदा कमी, जेवण शक्यतो घरचं. २०१८ चा निकाल: एका गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो. फरक नगण्य! जी पद्धत सहा वर्षं पाळता येईल, तीच तुमची.

मग करायचं काय?
चहातली साखर निम्मी करा: ८० किलोकॅलरी वाचल्या. दिवसभराच्या स्वयंपाकात माणशी दोन छोटे चमचे तेल कमी: आणखी ९०. अर्धा तास झपझप चाला: साधारण १००. झाल्या की २७०, आणि ताटातली एक पोळीही कमी केली नाही. महिन्याच्या झाल्या ८१००. कागदावर एक किलो चरबीच्या ७७०० धरतात. प्रत्यक्षात थोडं कमी उतरेल, पण जे उतरेल ते टिकेल. आणि रात्री वेळेवर झोपा. २०१० च्या एका छोट्या अभ्यासात सारखंच डाएट करणाऱ्यांना झोप कमी मिळाली, तेव्हा वजन तेवढंच घटलं, पण त्यातला चरबीचा वाटा निम्म्याहून कमी झाला. गेले ते स्नायू.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, गरोदरपण असेल, पित्ताशयात खडे असतील, तर खाण्यात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारा. झपाट्यानं वजन घटलं की पित्ताचे खडे होण्याचा धोकाही वाढतो. बाकी सगळ्यांनी सोमवारची वाट पाहू नये. आज रात्री जेवल्यावर पाऊण तास कॉलनीत फेऱ्या मारा, आणि सकाळी पोहे जरूर खा.