बांध आणि ज्ञानकोश

पेण तालुक्यातील गडब हे मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. बँकेच्या सेवेत असताना पीककर्जाच्या पाहणीसाठी या बाजूच्या खारेपाटात माझे वारंवार जाणे होई. खाडीचे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेल्या मातीच्या बांधांची निगा पूर्वी शेतकरीच सामुदायिक श्रमाने राखीत. त्या पद्धतीला ‘जोळ’ म्हणत. बांधाला खांड गेली की साऱ्यांनीच धावायचे, कारण खारे पाणी सातबारा पाहून शिरत नाही.

निवृत्तीनंतर मराठी विकिपीडिया वाचू लागलो, तेव्हा या जोळाची आठवण झाली. डॉ. केतकरांनी ज्ञानकोशासाठी भागभांडवलाची कंपनी काढली. तर्कतीर्थांच्या विश्वकोशामागे शासन उभे राहिले. २००३ साली सुरू झालेल्या या कोशाचे भांडवल म्हणजे अनोळखी माणसांचा फावला वेळ. कोणीही लिहावे, कोणीही सुधारावे. प्रत्येक फेरफार मात्र ‘इतिहास’ या शीर्षकाखाली कायम राहतो. खतावणीतील खाडाखोडीवर सही घेण्याची सवय असलेल्या मला ही शिस्त फार भावली.

तथापि, या कोशातील अनेक गावांची पाने उघडली की मन खट्टू होते. ‘हवामान’, ‘लोकजीवन’, ‘प्रेक्षणीय स्थळे’ अशी ठरावीक शीर्षके, आणि त्यांखाली कोणत्याही गावाला लागू पडेल असा मजकूर. कित्येकदा तोही नाही. दार सर्वांना उघडे आहे, पण भरती-ओहोटीचे गणित तिथीवरून सांगणारा शेतकरी त्या दारातून आत येत नाही. ज्याला माहिती आहे तो लिहीत नाही आणि ज्याला लिहिता येते त्याला गावाची माहिती नसते.

मी स्वतः जोळाविषयी चार ओळी लिहावयास बसलो. नियमानुसार प्रकाशित संदर्भ हवा. माझा संदर्भ म्हणजे बांधावर उभे राहून मला हे सांगणारे एक वृद्ध खातेदार. ते आता हयात नाहीत. नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. कागदाविना कर्ज मीही कधी मंजूर केले नाही! परंतु ज्यांचे ज्ञान कधी छापलेच गेले नाही, त्यांनी या सहभागात कोठून शिरावे?

१८८३ च्या कुलाबा जिल्हा गॅझेटियरमध्ये पेणच्या खारजमिनींची व तेथील ‘शिलोत्री’ धारापद्धतीची माहिती आहे. तेवढी संदर्भासह लिहून काढली. जोळाच्या ओळी अजून वहीतच आहेत.