नागरिकत्व कायद्याचा अभ्यास : मूळ पाठातून

स्पर्धा परीक्षांचे बहुतेक विद्यार्थी नागरिकत्व हा विषय मार्गदर्शक पुस्तकांतून वाचतात. तथापि हा विषय तारखांवर उभा आहे आणि जुन्या आवृत्तीतील एकच तारीख संपूर्ण उत्तर चुकवू शकते. कायद्याचा मूळ पाठ आज विनामूल्य उपलब्ध आहे. केंद्र सरकारच्या ‘इंडिया कोड’ संकेतस्थळावर अधिनियम, ‘ई-गॅझेट’वर अधिसूचना, तर ‘ई-एससीआर’वर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल वाचता येतात.

आरंभ राज्यघटनेच्या अनुच्छेद ५ ते ११ पासून करावा. घटना २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आली. परंतु अनुच्छेद ५ ते ९ हे २६ नोव्हेंबर १९४९ पासूनच लागू झाले होते. घटनाकारांनी प्रारंभीचे नागरिक कोण, एवढेच ठरविले. पुढील अधिकार अनुच्छेद ११ अन्वये संसदेकडे राहिला आणि नागरिकत्व अधिनियम, १९५५ अस्तित्वात आला.

या अधिनियमाचे कलम ३ सावकाश वाचावे. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती, परकीय राजदूतांची अपत्ये यांसारखे अपवाद वगळता, जन्मानेच नागरिक ठरते. १ जुलै १९८७ पासून माता वा पिता यांपैकी एक नागरिक असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक हवेत. अथवा एक नागरिक असल्यास दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. मुंबईच्या एकाच रुग्णालयात दोन परदेशी दांपत्यांना लागोपाठच्या दिवशी, ३० जून व १ जुलै १९८७ रोजी, अपत्ये झाली असतील, तर पहिले भारतीय नागरिक ठरते, दुसरे नाही. आसामातील स्थलांतराच्या प्रश्नाची छाया या बदलांवर स्पष्ट दिसते. तेथील कलम ६-क सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने वैध ठरविले.

गोव्याचे उदाहरण वेगळे. प्रदेश सामील झाल्याने नागरिकत्व कसे मिळते, हे कलम ७ व त्याखालील १९६२ च्या आदेशातून कळते.

परदेशी व्यक्तींच्या प्रवेशाबाबत जुनी टिपणे बाजूला ठेवावीत. १९४६ च्या परकीय नागरिक अधिनियमासह चार कायद्यांची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून आप्रवासन व परकीय नागरिक अधिनियम, २०२५ ने घेतली आहे.

संमती, अंमल आणि नियम यांच्या तारखा भिन्न असतात, हेही राजपत्रातूनच उमगते. २०१९ च्या नागरिकत्व सुधारणेस १२ डिसेंबर २०१९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, ती १० जानेवारी २०२० पासून लागू झाली, आणि तिचे नियम ११ मार्च २०२४ रोजी अधिसूचित झाले.