अपंगांची गाडी आणि जकातीचे कोष्टक

दादरा आणि नगर हवेली हे नाव जगाच्या कानी पडले ते वाटेच्या भांडणामुळे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या तावडीतून मुक्त झाले. त्या लढ्यात गोमंतकाचे आणि महाराष्ट्राचे तरुण एकदिलाने उतरले होते, याचा आम्हां गोमंतकीयांना आजही अभिमान वाटतो. पुढे पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे धाव घेतली आणि या प्रदेशात जाण्याचा मार्गाधिकार मागितला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता तो हक्क मान्य केला, सैन्य व दारूगोळा यांना नाकारला आणि भारताने कोणताही नियमभंग केलेला नाही असे सांगितले. तो प्रश्न राज्यसत्तेच्या वाटेचा होता. आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत तो प्रश्न अधिक साधा, पण कमी महत्त्वाचा खचित नाही. ज्याचे पाय चालत नाहीत त्या नागरिकाच्या वाटेवर सरकारने कराचा धोंडा किती मोठा ठेवावा?

सिल्वासा आज कारखान्यांचे गाव आहे. मसाट, पिपरिया, आमली या भागांत यंत्रे चालतात, आणि जेथे यंत्रे चालतात तेथे हातपाय गमावण्याचे प्रसंगही येतात. असा माणूस कामावर जायचे म्हणतो तेव्हा त्याला वाहन लागते. ते परदेशातून आणायचे ठरवले की गाठ पडते सीमाशुल्काच्या कोष्टकाशी. या कोष्टकात अपंगांच्या गाड्यांसाठी ८७१३ हा स्वतंत्र क्रमांक आहे. चाकांची खुर्ची, मग ती हाताने ढकलायची असो वा मोटरवर चालणारी, त्यात बसते. परंतु जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरणात एक मेख आहे. केवळ अपंगाच्या सोयीसाठी बदल केलेले साधे वाहन या क्रमांकात येत नाही. हाताने चालणारा क्लच व ॲक्सिलरेटर बसवलेली मोटार ही ८७०३ खालील मोटारच राहते. एका पायाने चालवता यावी अशी जुळणी केलेली सायकल ही ८७१२ खालील सायकलच. म्हणजे खुर्चीला माया आणि मोटारीला मोटारीचा दर! तीच गत आपल्याकडे रस्तोरस्ती दिसणाऱ्या, मागे दोन जादा चाके लावलेल्या स्कूटरची.

हा घोळ केवळ आपल्याकडचा नाही. विजेवर चालणाऱ्या, सुकाणूदांडा असलेल्या अपंगांच्या स्कूटरवरून युरोपातही वाद झाला. २०१० मध्ये युरोपीय न्यायालयाने तिला मोटारीच्या वर्गात टाकले. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, वाहन केवळ अपंगांसाठी रचलेले असेल, तर एखादा धडधाकट माणूस ते वापरू शकतो एवढ्यावरून त्याचा वर्ग बदलत नाही.

आपल्या वस्तू व सेवा कराचा इतिहास तर अधिक बोधप्रद आहे. १ जुलै २०१७ पासून चाकांच्या खुर्चीवर ५ टक्के कर बसला. पूर्ण माफी दिली तर देशी उत्पादकाला कच्च्या मालावरील कराची वजावट मिळणार नाही आणि आयात माल स्वस्त पडेल, असे अर्थखात्याने तेव्हा सांगितले. हा युक्तिवाद पोकळ नाही, हे आम्ही मान्य करतो. पण याच काळात त्या खुर्चीच्या सुट्या भागांवर कर होता २८ टक्के! खुर्ची ५ टक्क्यांत आणि तिचे मोडलेले चाक २८ टक्क्यांत, हा तर्क समजण्यास करपरिषदेला दीड वर्ष लागले. डिसेंबर २०१८ मध्ये तो दर ५ टक्क्यांवर आणण्याचे ठरले. अपंगांच्या वाहनांत बसवायच्या जुळणीसंचाला तीच सवलत मिळायला सप्टेंबर २०२१ उजाडला.

मोटारीची कथा निराळी. लहान मोटारीवर अपंगांना २८ ऐवजी १८ टक्के दर मिळे. पण त्यासाठी दिल्लीतील अवजड उद्योग खात्याच्या अधिकाऱ्याचा दाखला आणि पाच वर्षे गाडी न विकण्याचे प्रतिज्ञापत्र लागे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारी सर्वांनाच १८ टक्क्यांत मिळू लागल्या. ही गोष्ट चांगलीच झाली; परंतु अपंगाला वेगळे काही देण्याचे जे तत्त्व होते, ते त्यात नकळत विरून गेले. उलट, चार मीटरहून लांब मोटारीला, विजेच्या मोटारींचा अपवाद सोडल्यास, ४० टक्के दर लागतो. चाकांच्या खुर्चीसह माणूस आत जावा अशी गाडी प्रशस्त असावी लागते. म्हणजे ज्याचे अपंगत्व मोठे, त्याचा करही मोठा!

धनिक मंडळी अपंगांच्या नावावर आलिशान गाड्या आणतील, ही भीती अगदीच निराधार नाही. मात्र चोर येईल म्हणून घराला दारच ठेवायचे नाही, हा काही शहाणपणा नव्हे. मोटार वाहन कायद्याने यातून मार्ग काढून दाखवला आहे. १९८८ च्या कायद्यात अपंगाचे वाहन म्हणजे खास घडवलेले, नुसते बदल केलेले नव्हे, अशी व्याख्या होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती गेली आणि बदल केलेल्या वाहनालाही स्थान मिळाले. अट एवढीच की, ते केवळ अपंग व्यक्तीने किंवा तिच्यासाठीच वापरले जावे. जे परिवहन खात्याला उमगले ते अर्थखात्याला का उमगू नये?

आंतरराष्ट्रीय क्रमांक भारताला एकट्याने बदलता येत नाहीत, हे खरे. पण अधिसूचना काढून सवलत देणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. वाहन कोणत्या रकान्यात बसते यापेक्षा त्यात कोण बसतो, हे पाहून दर ठरवावा. लांबीची अट अशा वाहनांना लावू नये. आणि सरकारनेच दिलेले अपंगत्वाचे ओळखपत्र पुरावा म्हणून पुरेसे मानावे, सिल्वाशाच्या माणसाला दिल्लीच्या दाखल्यासाठी ताटकळत ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. यातून तिजोरीला पडणारी तूट किरकोळ असेल. त्यातून मिळणारी गोष्ट, म्हणजे कोणाचा हात न धरता स्वतःच्या कामावर जाण्याचे स्वातंत्र्य, मात्र किरकोळ नाही. सिल्वासा मुक्त करताना तरुणांनी प्राण पणाला लावले ते येथल्या माणसाला ताठ मानेने वावरता यावे म्हणून. तो मार्गाधिकार ज्यांच्यापर्यंत अजून पोहोचलेला नाही, त्यांच्यासाठी एक अधिसूचना काढणे सरकारला जड जाऊ नये.