बाळाची गोधडी

सोलापूरहून तुळजापूरला जाताना सोलापूर जिल्ह्याची हद्द ओलांडली, की तामलवाडी हे गाव लागते. ते तुळजापूर तालुक्यात, धाराशिव जिल्ह्यात आहे. २०२३ सालापर्यंत या जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते, आणि घरातली मोठी माणसे अजूनही तेच नाव घेतात. हमरस्त्यावर ट्रक आणि मोटारी सारख्या धावत असतात. पण रस्ता सोडून या भागातल्या कोणत्याही गावात उन्हाळ्यात शिरा. ज्वारीची रास घरात आलेली असते. शेतात काम थोडे असते. अशा दुपारी ओसरीवर किंवा लिंबाच्या सावलीत दोन-तीन बायका जमिनीवर जुने लुगडे अंथरून बसलेल्या दिसतात. हातात सुई, शेजारी चिंध्यांचे गाठोडे आणि तोंडाने गप्पा. त्या गोधडी शिवत असतात.

गोधडी छोटी असेल आणि तिचे टाके अगदी बारीक असतील, तर ओळखावे की त्या घरात लवकरच बाळ येणार आहे, किंवा नुकतेच आले आहे.

गोधडी म्हणजे जुन्या कापडाचे थर एकावर एक ठेवून, त्यांना टाके घालून केलेले पांघरूण. जाड आणि मोठ्या गोधडीला आपल्याकडे वाकळ म्हणतात. उर्दूत तिला गुदडी म्हणतात. गोधडी आणि गुदडी हे शब्द एकाच घरातले आहेत, हे ऐकताक्षणीच कळते. 'गुदडी का लाल' हा वाक्प्रचार तर तुम्ही वाचला असेलच. मौलवी अब्दुल हक यांची बरीच वर्षे औरंगाबादेत गेली. नूर खाँ या साध्या, प्रामाणिक माणसाचे व्यक्तिचित्र लिहिताना त्यांनी हेच शब्द वापरले. चिंध्यांमध्ये सापडलेले माणिक, असा त्यांचा अर्थ. या पाठात मात्र आपण खऱ्याखुऱ्या गुदडीबद्दल आणि तिच्यात गुंडाळलेल्या खऱ्याखुऱ्या बाळाबद्दल बोलणार आहोत.

घरात बाळ आले की पाहुणे भेटी आणतात. कोणाकडे बाराव्या दिवशी बारसे असते, कोणाकडे सातव्या दिवशी अकीका असतो. अकीक्याला बाळाचे जावळ काढतात आणि त्या केसांच्या वजनाइतकी चांदी गरिबांना देतात. मामा चांदीचे वाळे आणतो. आत्या झबले-टोपडे आणते. बाजारातली खेळणी येतात, रंगीत पिशव्या येतात. वर्षभराने पाहावे, तर वाळे पायात बसत नाहीत, झबले आखूड झालेले असते आणि खेळण्याची चाके निघालेली असतात. गोधडी मात्र असते. बाळ चालायला लागले तरी ती ओढत नेते, शाळेत जाऊ लागले तरी रात्री तिच्याशिवाय झोपत नाही.

बाळासाठी नवे कापड न घेता जुनेच का घेतात? घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे वापरलेले कापड बाळाच्या अंगाला लागावे, म्हणजे त्याला त्यांच्यासारखे दीर्घ आयुष्य मिळेल, अशी जुन्या लोकांची भावना होती. या भावनेला व्यवहाराचीही जोड आहे. नव्या कापडाला खळ असते. ती कोवळ्या कातडीला टोचते. शेकडो वेळा धुतलेल्या सुती लुगड्यातली खळ कधीच निघून गेलेली असते. त्याचे सूत मऊ पडलेले असते आणि ते घाम चटकन टिपते. शिवाय थरांच्या मधे थोडी हवा अडकून राहते. ही अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून चार पातळ थरांची गोधडी एका जाड कापडापेक्षा अधिक ऊब देते.

ही भावना केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. जपानमध्ये एके काळी शंभर घरांतून कापडाचा एकेक तुकडा मागून आणत आणि ते तुकडे जोडून बाळाचा अंगरखा शिवत. मुले लहानपणीच दगावण्याचा तो काळ होता. शंभर घरांचे आशीर्वाद अंगावर असले म्हणजे मूल जगेल, अशी आईची आशा असे. आणखी जवळचे उदाहरण कर्नाटकातले आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर या भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्यात मुसलमान, हिंदू आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. पण गोधडी सगळ्यांची एकच. तिला ते कवंदी म्हणतात. कवंदीच्या चारही कोपऱ्यांना कापडाची घडी घातलेली त्रिकोणी फुले लावतात. ही फुले नसतील तर गोधडी उघडी राहिली, असे त्या बायका मानतात. बाळासाठी त्या छोट्या, भडक रंगांच्या कवंद्या शिवतात.

आता आपण गोधडी कशी करायची ते पाहू. तुमच्यापैकी कोणालाही ती जमेल. मुलगेही करू शकतात. सुई काही मुलगा-मुलगी पाहत नाही. गावोगावचे शिंपीदादा पाहा.

प्रथम घरात विचारून जुनी सुती कापडे गोळा करा. आजीचे लुगडे, अम्मीची ओढणी, दादाजानचा कुर्ता, आजोबांचे धोतर, काहीही चालेल. कापड सुती आहे की नाही याची शंका असेल तर त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. जुने सुती कापड तो थेंब लगेच पिऊन टाकते. नायलॉनसारख्या कापडावर थेंब काही वेळ तसाच राहतो किंवा ओघळून जातो. असे कापड बाळासाठी घेऊ नका. मग कापड उजेडासमोर धरा. जिथे ते जाळीसारखे विरळ दिसेल, तो भाग सोडून द्या. उरलेले कापड गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा.

बाळाची गोधडी दोन हात लांब आणि दीड हात रुंद असली की पुरे. एक हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, सुमारे ४५ सेंटिमीटर. या मापाचे चार तुकडे घ्या. नऊवारी लुगडे सव्वाआठ मीटरच्या आसपास असते, त्यामुळे एका धड लुगड्यात अशा दोन गोधड्या सहज होतात. खालच्या थराला सर्वांत मऊ कापड वापरा, कारण ते बाळाच्या अंगाकडे येणार आहे. वरच्या थरावर निरनिराळ्या माणसांच्या कपड्यांचे तुकडे मांडा. आपल्या भागात इरकली लुगडी नेसणाऱ्या आज्या अजून पुष्कळ आहेत. त्या लुगड्याचा काठ मिळाला तर तो गोधडीच्या चारी कडांना गोट म्हणून लावा. तो मजबूत असतो आणि शोभतोही.

चारही थर सपाट अंथरा. मधून कडांकडे तळहाताने सुरकुत्या काढा. मोठमोठे कच्चे टाके घालून थर एकत्र धरा. टाचण्या लावू नका. एखादी टाचणी आत राहून जाते. मग कडेपासून धावदोरा घालायला सुरुवात करा. कडेने एक फेरी झाली की बोटभर आत सरकून दुसरी फेरी घाला. असे फिरत फिरत मध्यापर्यंत या. दोन ओळींत दीड सेंटिमीटर अंतर ठेवले, तर एवढ्या गोधडीला एकूण सुमारे चाळीस मीटर लांबीचे टाके पडतात. आकडा ऐकून घाबरू नका. रोज तासभर बसलात तर दोन-तीन आठवड्यांत गोधडी पुरी होते. बाळ येण्याची चाहूल तर घरात त्याच्या कितीतरी आधी लागलेली असते.

टाके इतके जवळ का घालायचे? धुताना ओले कापड जड होते आणि ओढले जाते. टाके दूर असतील तर सगळा ताण एकाच दोऱ्यावर येतो आणि तो तुटतो. टाके जवळ असले की ताण वाटला जातो. जुने, दमलेले कापड अशा टाक्यांच्या आधाराने आणखी कितीतरी वर्षे टिकते.

एक नियम कधीही मोडू नका. बसताना सुया मोजून घ्या आणि उठताना मोजून ठेवा. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत गोधडी कोणाच्या हातात देऊ नका.

गोधडी शिवून झाली तरी एक काम उरते, आणि ते बहुतेक जण विसरतात. आमच्या घरी माझ्या धाकट्या भावाच्या जन्माच्या वेळी आजीने शिवलेली गोधडी आहे. तिच्या वरच्या थरात अकरा तुकडे आहेत. लहानपणी आम्ही तिच्यावर बसून आईला विचारायचो, "हा कुणाचा? हा कुणाचा?" आई सांगायची, "हा आजोबांच्या सदऱ्याचा. ही मावशीची ओढणी. हे माझं शाळेतलं परकर." दहा तुकड्यांची नावे तिला येत होती. कोपऱ्यात एक हिरवा तुकडा आहे, त्यावर पांढरे ठिपके आहेत. तो कुणाचा, हे आईला ठाऊक नव्हते. ती म्हणायची, "तुझ्या आजीला विचारायला हवं होतं." आजी तेव्हा राहिली नव्हती. आता आईही नाही. भावाने पन्नाशी ओलांडली आहे. गोधडी बाहेर काढली की त्याचे बोट अजून पहिल्यांदा त्या हिरव्या तुकड्यावरच जाते. कोणीतरी आपला कपडा त्याच्यासाठी दिला होता. त्या माणसाचे नाव आता कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून गोधडी शिवताना ज्यांचे कपडे घेतले, त्यांच्याजवळ बसा. हे लुगडे कधी घेतले, कोणाच्या लग्नात नेसले, कुर्ता कोणी शिवला, हे त्यांना विचारा. वहीत गोधडीचे चित्र काढून प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घाला आणि समोर नाव व हकीकत लिहा. दादी-नानींना अशा गोष्टी सांगायला फार आवडते. एका ओढणीवरून तासभर गोष्ट चालते, हा माझा अनुभव आहे.

गोधडीइतका वेळ नसेल तर लहान वस्तू करता येतात. उरलेल्या चिंध्यांच्या चिमण्या-पोपट करून पाळण्यावर टांगायचे चिमणाळे करता येते. थंडीत कान आणि पाठ झाकणारी कुंची शिवता येते. बाळाच्या पायाचा ठसाही घेतात. ओल्या हळदीचा ठसा छान उठतो, पण उजेडात तो फिका पडत जातो. तो वहीत मिटून ठेवावा. त्यापेक्षा बाळ झोपले असताना जाड कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने हलकेच कड काढावी आणि खाली तारीख लिहावी. बाळ मोठे झाल्यावर आपला पाय त्यावर ठेवून पाहते, तेव्हा त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही.

बाळ हाती लागेल ते तोंडात घालते, हे या सगळ्या वस्तू करताना लक्षात ठेवा. मणी, टिकल्या, बटणे, घुंगरू लावू नका. कुंचीचे बंद आखूड ठेवा. लांब बंद गळ्याभोवती अडकतात. चिमणाळे बाळाच्या हाताला लागणार नाही इतके उंच आणि पक्के बांधा. गोधडी पातळ असावी, ती अंगाखाली सपाट घालावी किंवा बाळाला मांडीवर घेताना लपेटावी. बाळ झोपलेले असताना त्याच्या तोंडावर येईल असे सैल पांघरूण, उशी किंवा कापडी खेळणे पाळण्यात ठेवू नये. भेट म्हणून घरी धरलेले काजळ किंवा सुरमा देण्याची चाल आहे, तीही सोडावी. सुरम्यात बहुधा शिसे असते. ते अंगात गेले तर बाळाच्या मेंदूला इजा होते, म्हणून डॉक्टर तो डोळ्यांत घालू देत नाहीत.

शेवटी गोधडीच्या एका कोपऱ्यात, खालच्या बाजूला, बाळाचे नाव रंगीत दोऱ्याने भरा. तुम्हाला दोन लिप्या येतात, तेव्हा नाव दोन्ही लिप्यांत घाला. मराठी नाव डावीकडून सुरू होईल, उर्दू नाव उजवीकडून. दोघांच्या मधे, दोन बोटांच्या जागेत, जन्मतारीख बसते. नाव अजून ठरले नसेल तर तेवढी जागा मोकळी सोडा आणि सुईत दोरा ओवून ठेवा.