डॉ. आंबेडकरांची हस्तलिखिते : न्याय आणि व्यापार यांच्या कागदांचा प्रवास

विचारवंताचे कार्य बहुधा त्याच्या मुद्रित ग्रंथांवरून मोजले जाते. परंतु ग्रंथ छापून होण्यापूर्वी त्यामागे टिपणे, उतारे, कच्चे मसुदे आणि अर्धवट राहिलेली प्रकरणे यांचा मोठा संभार असतो. लेखकाच्या निधनानंतर या कागदांचे काय होते, यावर पुढील पिढ्यांना त्याचा विचार किती मिळणार हे अवलंबून राहते. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अप्रकाशित हस्तलिखितांचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. ज्यांच्या ताब्यात गावाचे, शाळेचे वा कार्यालयाचे दप्तर असते अशा प्रत्येकाने तो समजून घ्यावा असा आहे.

अर्थशास्त्रज्ञ आणि विधिज्ञ

डॉ. आंबेडकरांचे नाव घेताच राज्यघटना आणि सामाजिक समतेचा लढा यांचे स्मरण होते. मात्र त्यांच्या अभ्यासाचा आरंभ अर्थशास्त्रापासून झाला. कोलंबिया विद्यापीठात एम. ए. पदवीसाठी १९१५ मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व वित्तव्यवस्था या विषयावर प्रबंध लिहिला. व्यापारासाठी आलेली एक कंपनी राज्यकर्ती झाली, तेव्हा तिच्या जमाखर्चाचा भार कोणावर पडला, हा त्या अभ्यासाचा गाभा होता. १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात ते प्राध्यापक होते. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९२५ पासून काही वर्षे त्यांनी व्यापारी कायदा शिकविला आणि १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. अशा रीतीने न्याय आणि व्यापार हे दोन्ही विषय त्यांच्या अध्ययनात व अध्यापनात जोडीने चालत आले.

परभणी जिल्ह्यातील जुन्या पिढीला रुपयाचा प्रश्न परका नव्हता. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथे संस्थानाचा हाली शिक्का चालत असे. ब्रिटिश हिंदुस्थानातील रुपयाला कलदार म्हणत. साधारणतः सात हाली रुपयांना सहा कलदार असा दर असे. सेलू किंवा मानवतच्या बाजारातील कापूस मुंबईकडे गेला की त्याचे मोल कलदारात ठरे आणि शेतकऱ्याच्या हाती मात्र हाली पडे. चलनाचे मूल्य कोण ठरवितो व त्याची झळ कोणाला लागते, हा जो प्रश्न डॉ. आंबेडकरांनी लंडनमध्ये बसून शास्त्रीय पद्धतीने मांडला, त्याचा अनुभव येथील बाजारपेठेत नित्याचा होता.

पेट्यांमध्ये बंद झालेले लेखन

कागद किती सहज नष्ट होतात याचा अनुभव डॉ. आंबेडकरांना तरुणपणीच आला होता. १९१७ मध्ये ते लंडनहून परतले तेव्हा त्यांचे ग्रंथ व सामान दुसऱ्या जहाजाने येत होते. पहिल्या महायुद्धाचा तो काळ होता. ते जहाज शत्रूच्या माऱ्यात बुडाले आणि परिश्रमाने जमविलेला संग्रह समुद्रतळाशी गेला.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्यामागे राहिलेले अप्रकाशित लेखन न्यायालयाच्या अभिरक्षेत गेले व पुढे महाराष्ट्राच्या महाप्रशासकांकडे आले. लोखंडी पेट्यांमध्ये हे कागद वर्षानुवर्षे पडून होते. ते सुरक्षित होते हे खरे. परंतु वाचकाच्या दृष्टीने ते असून नसल्यासारखे होते. हे लेखन प्रसिद्ध व्हावे यासाठी नागपूरच्या एका वकिलांनी न्यायालयात दाद मागितली.

दरम्यान महाराष्ट्र शासनाने डॉ. आंबेडकरांचे समग्र लेखन व भाषणे प्रकाशित करण्याचा निर्णय घेतला होता. त्यासाठी शिक्षण विभागाने समिती नेमली आणि श्री. वसंत मून यांच्याकडे संपादनाची जबाबदारी सोपविली. १४ एप्रिल १९७९ रोजी इंग्रजी ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यात पूर्वी छापलेले लेखन होते. अप्रकाशित हस्तलिखिते मिळविण्याचा प्रयत्न चालूच होता. आंबेडकर कुटुंबीयांच्या सहकार्याने १९८१ मध्ये ती शासनाच्या हाती आली.

एका खंडातील तीन प्रकारचे कागद

या हस्तलिखितांत काय होते, हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बाराव्या खंडावरून ध्यानात येते. त्यात प्राचीन भारतीय व्यापारावरील लेखन आहे. प्राचीन काळी पश्चिम आशियाशी असलेला भारताचा व्यापार, मध्ययुगात इस्लामचा उदय व पश्चिम युरोपचा विस्तार यांमुळे त्यात झालेले बदल, आणि ब्रिटिश राजसत्तेचा अंमल सुरू होण्यापूर्वीची देशाची स्थिती असा त्याचा विस्तीर्ण पट आहे. गोदाकाठच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण व तेर येथून गाड्यांनी भडोच बंदराकडे जाणाऱ्या मालाचा उल्लेख आहे. त्यात पैठणचे मौल्यवान खडे आणि तेरचे सुती कापड यांचा समावेश होता.

त्याच खंडात कायद्यावरील टिपणे आहेत. पुरावा, मुदत, विश्वस्त व्यवस्था, मालमत्तेचे हस्तांतरण, फौजदारी प्रक्रिया असे विषय त्यांत येतात. विद्यार्थ्याला समजावे अशा क्रमाने मांडलेली ही टिपणे पाहिली म्हणजे राज्यघटनेच्या शिल्पकाराची पूर्वतयारी किती बारकाईची होती हे कळते.

तिसरा प्रकार आत्मनिवेदनाचा. स्वतःच्या व इतरांच्या आयुष्यातील अस्पृश्यतेचे प्रसंग डॉ. आंबेडकरांनी स्वहस्ताक्षरात लिहून ठेवले होते. त्यांतील एक प्रसंग मराठवाड्यातला आहे. १९३४ मध्ये वेरूळची लेणी पाहावयास जात असताना ते सहकाऱ्यांसह दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांनी तेथील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, त्यावरून गहजब झाला आणि पाण्याला पुन्हा स्पर्श न करण्याची ताकीद मिळाल्यावरच त्यांना किल्ला पाहता आला. व्यापाराचा इतिहास, कायद्याची टिपणे आणि एका हौदाची हकीकत एकत्र वाचली असता त्यांतील आंतरिक दुवा लक्षात येतो. कायद्याने दिलेला हक्क आणि बाजाराने दिलेली संधी माणसाला पाण्यापर्यंतही पोहोचू देत नसेल, तर न्यायाची कसोटी कोणती, हा प्रश्न या साऱ्या कागदांच्या मुळाशी आहे.

संपादनाचे काम सोपे नव्हते. काही ग्रंथांची प्रकरणवार योजना उपलब्ध होती, परंतु त्यांतील कित्येक प्रकरणे मिळाली नाहीत. काही मजकूर अपुऱ्या टंकलिखित मसुद्यांच्या स्वरूपात होता. जे हरवले ते कायमचे हरवले. ईस्ट इंडिया कंपनीवरील १९१५ चा प्रबंधदेखील या मालेत १९८९ साली, म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांनी समाविष्ट झाला. पुढे प्रकाशनाचे काम रेंगाळल्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून घेतली, यावरून या लेखनाबद्दलची सार्वजनिक आस्था दिसून येते.

आपल्या दप्तराकडे पाहताना

या इतिहासापासून परभणी जिल्ह्याने घ्यावयाचा बोध व्यवहाराचा आहे. जिल्ह्यात न्याय आणि व्यापार यांचे कागद विपुल असू शकतात. जुन्या घराण्यांतील मोडी लिपीतील निवाडे व खतपत्रे, संस्थानी काळातील उर्दू भाषेतील महसुली व न्यायालयीन कागद, आडतीच्या वह्या, ग्रामपंचायतींची कार्यवृत्ते, शाळांची जुनी नोंदपुस्तके ही सर्व साधने उद्याच्या इतिहासकाराची सामग्री होत. सातोना येथे जन्मलेल्या बी. रघुनाथ यांच्यासारख्या साहित्यिकाची कर्मभूमी असलेल्या या जिल्ह्यात लेखकांचे मसुदे व पत्रेही घरोघरी असू शकतील.

शासकीय अभिलेखांच्या बाबतीत नियम सुस्पष्ट आहेत. वर्गवारीनुसार अ वर्गातील अभिलेख कायम जतन करावयाचे असतात, तर ब वर्गातील ३० वर्षे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ अन्वये अभिलेखांच्या जतनाला कायद्याचे अधिष्ठान लाभले आहे. तेव्हा जागेची टंचाई किंवा रंगरंगोटीचे निमित्त करून दप्तराचे गठ्ठे रद्दीत देणे योग्य नव्हे. नष्ट करावयाचे अभिलेख विहित पद्धतीने, यादी करून व सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेनेच नष्ट झाले पाहिजेत.

खाजगी कागदांबाबत सक्ती करता येत नाही, परंतु बरेच साधता येते. ओल, वाळवी आणि उंदीर यांपासून कागद दूर ठेवावेत. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये. तिच्या गोंदाने कागद डागाळतो. कागदांचा मूळ क्रम मोडू नये, कारण कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी होता हीसुद्धा माहितीच असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यादी करावी. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या साह्याने गावातील अशा कागदांची नोंद केली, तर एका वर्षात मोलाचे काम उभे राहील. मोडी वा उर्दू वाचता येणारे वृद्ध गावात असतील तर त्यांचे साह्य वेळीच घ्यावे. विशेष महत्त्वाचे कागद आढळल्यास राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचा सल्ला घेता येईल.

डॉ. आंबेडकरांच्या पेट्या कोणीतरी जपल्या, त्या उघडाव्यात म्हणून कोणीतरी न्यायालयात गेले, कोणीतरी त्यांतील पानन्‌पान लावले आणि शासनाने ते छापले. या चारही गोष्टी घडल्या म्हणून प्राचीन व्यापारावरील त्यांचे लेखन व दौलताबादच्या हौदाची हकीकत आज खेड्यातील ग्रंथालयातही वाचता येते. यांतील पहिले काम, जपण्याचे, प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि प्रत्येक शाळेला करता येण्याजोगे आहे. त्यासाठी एक कोरडे कपाट, एक नोंदवही आणि जबाबदार व्यक्ती एवढे पुरेसे आहे.